डाळीवरचा आळ : गाऊटचा आहार आणि नाशिकचे ताट

गाऊट हा सांध्यात दिसणारा, पण मुळात रक्तातील युरिक अ‍ॅसिडच्या साठ्यातून उद्भवणारा विकार आहे, आणि त्यामुळे त्याच्या रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर ‘काय खायचे नाही’ याची एक यादीही कुठून ना कुठून मिळतेच. ही यादी बहुधा ऐकीव असते. नाशिक परिसरात तिची सुरुवात तूरडाळीपासून होते, मग मटकी, पालक, फ्लॉवर, वाटाणा आणि टोमॅटो यांची पाळी येते. शनिवारची बिअर, उन्हाळ्यातला उसाचा रस, वजडी-कलेजी आणि कमरेचा वाढता घेर यांना मात्र ती क्वचितच हात लावते. गेल्या दोन दशकांत हाती आलेला पुरावा पाहिला, तर या यादीत निर्दोष पदार्थांना शिक्षा झालेली आणि खरे आरोपी मोकळे सुटलेले दिसतात. पंगतीतून कोणाला उठवायचे हे ठरवण्यापूर्वी युरिक अ‍ॅसिड तयार कसे होते आणि शरीराबाहेर कसे पडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्युरीन हे नत्रयुक्त संयुग असून प्रत्येक सजीव पेशीतील डीएनए आणि आरएनए या रेणूंच्या बांधणीत ते वापरलेले असते. शरीरातील जुन्या पेशी मोडताना आणि अन्नातील पेशी पचताना हे प्युरीन मोकळे होते व मुख्यतः यकृतात त्याचे युरिक अ‍ॅसिड बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, या युरिक अ‍ॅसिडचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. माणसाने मात्र उत्क्रांतीच्या वाटेवर हे विकर गमावले, त्यामुळे त्याच्या रक्तात युरिक अ‍ॅसिडचे प्रमाण बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने कायमच चढे राहते. रोज तयार होणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या उलाढालीतून आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश अन्नातून येतो. बाहेर टाकण्याच्या कामातही साधारण दोन तृतीयांश वाटा मूत्रपिंडांचा आणि बाकीचा आतड्यांचा असतो. बहुसंख्य रुग्णांत बिघाड निर्मितीत नसून निचऱ्यात असतो, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी विशेष महत्त्वाची आहे.

शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच युरिक अ‍ॅसिडचे क्षार विरघळलेले राहू शकतात. पातळी दीर्घकाळ त्यापेक्षा वर राहिली की सांध्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जमू लागतात, आणि एखाद्या दिवशी रोगप्रतिकारक पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडल्या की सांधा लालभडक होऊन सुजतो आणि त्यावर चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. तापमान कमी असेल तर विरघळण्याची मर्यादाही खाली येते, आणि पायाचा अंगठा हा शरीराच्या थंड भागांपैकी एक असल्याने पहिला झटका बहुधा तिथेच, तोही मध्यरात्रीनंतर, येतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यातील नीचांकाशी स्पर्धा करतो, अशा रात्री गाऊटच्या रुग्णाने पायमोजे घालून झोपणे हा चैनीचा प्रकार मानू नये.

येथेच एका गोंधळाचा निकाल लावला पाहिजे. युरिक अ‍ॅसिड वाढलेले असणे आणि गाऊट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी वाढलेल्या पुष्कळ लोकांना आयुष्यभर एकही झटका येत नाही, आणि उलटपक्षी ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत आकडा सामान्यही निघू शकतो, म्हणून ती तपासणी झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. गुडघ्याची झीज, टाचदुखी, कंबरदुखी अशा सर्व तक्रारींना ‘युरिक अ‍ॅसिड वाढलंय’ असे म्हणून डाळ सोडण्याची जी प्रथा पडली आहे, तिला आधार नाही. शंका असेल तेथे सुजलेल्या सांध्यातील द्रव सुईने काढून विशिष्ट प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे हीच निदानाची खात्रीची पद्धत होय.

आहाराने किती साधते, याचेही उत्तर आरंभीच द्यावे. केवळ पथ्याने युरिक अ‍ॅसिड साधारणतः एका मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. ज्याचा आकडा नऊ आहे आणि ज्याला वर्षातून दोन-तीन झटके येतात, त्याला उपचाराचे उद्दिष्ट असलेली सहाखालची पातळी पथ्यावर गाठता येणे अवघड आहे, आणि कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर खडूसारख्या गाठी झालेल्या रुग्णांत तर पाचच्याही खाली जाण्याचे लक्ष्य ठेवले जाते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात असे आढळले की, व्यक्तीव्यक्तींमधील युरिक अ‍ॅसिडच्या फरकापैकी एकूण आहाराच्या गुणवत्तेने जेमतेम ०.३ टक्के, तर आनुवंशिक घटकांनी सुमारे २४ टक्के फरक स्पष्ट होतो. रुग्णाला ‘खाण्यापिण्यावर ताबा नाही म्हणून भोगतोय’ असे घरच्यांनी ऐकवणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. तरीही आहाराचे महत्त्व उरतेच, कारण साठा वर्षानुवर्षांचा असला तरी झटक्याची ठिणगी बहुधा आदल्या एक-दोन दिवसांच्या खाण्यापिण्यातून पडते, आणि गाऊटबरोबर येणारे लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब हे सोबती आटोक्यात ठेवायला आहाराची मदत होते.

आता डाळीचा खटला. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षे पाठपुरावा करून २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या काळात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. सर्वांत कमी मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त खाणाऱ्यांत धोका ४१ टक्क्यांनी आणि मासे-कोळंबीसारख्या जलचर आहारात तो ५१ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र वाटाणा, शेंगवर्गीय धान्ये, मसूर, पालक, अळंबी, फ्लॉवर अशा प्युरीनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थांनी धोका वाढल्याचे दिसले नाही. कोष्टकांत कच्च्या डाळीच्या प्युरीनचा आकडा मांसाच्या जवळपास जातो हे खरे. पण ताटातल्या वाटीभर वरणात कोरडी डाळ पंचवीस-तीस ग्रॅमच असते, शिवाय तिच्यासोबत येणारा चोथा आणि वनस्पतिजन्य प्रथिने यांचा एकूण परिणाम वेगळा होतो. शाकाहारी मराठी घरात डाळ बंद करणे म्हणजे प्रथिनांचा मुख्य झरा बंद करणे, आणि त्याची जागा बहुधा बटाटा, साबुदाणा आणि साखर घेतात. म्हणजे उपायच अपाय होतो.

या बाबतीत आपल्याकडचे जुने वैद्यकही लोकसमजुतीच्या बाजूने उभे राहत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय वातशोणित, म्हणजेच वातरक्त, या विकाराला वाहिलेला आहे. वातरक्त आणि गाऊट यांचे पूर्ण समीकरण मांडता येत नाही, कारण जुन्या वर्णनात आजच्या निदानशास्त्राने वेगळे केलेले अनेक विकार एकत्र आलेले असू शकतात. तरीही हातापायांच्या सांध्यांपासून सुरू होणारा, सुखवस्तू आणि बैठ्या माणसांना गाठणारा हा विकार गाऊटच्या बराच जवळचा आहे. त्याला दिलेल्या पर्यायी नावांपैकी ‘आढ्यवात’ या नावातच श्रीमंतीचा निर्देश आहे, कारण आढ्य म्हणजे धनवान. चरकाने दिलेल्या कारणांच्या यादीत पाण्यात व दलदलीत राहणाऱ्या प्राण्यांचे मांस, मद्य आणि ऊस हे तिन्ही आहेत, आणि हे तिन्ही आजच्या संशोधनाशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. त्याच यादीत कुळीथ, उडीद आणि पावटा आहेत. पण पथ्याच्या बाजूला भरपूर तूप घातलेल्या यूषासाठी, म्हणजे कढणासाठी, तूर, हरभरा, मूग, मसूर आणि मकुष्ठ ही पाच धान्ये प्रशस्त म्हणून सांगितली आहेत. मकुष्ठ म्हणजे मटकी. अर्थात नाशिकच्या मिसळीचा प्राण असलेल्या मटकीला चरकानेही दोषमुक्त केले होते. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोहोंच्याही पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरात तरी या दोन्ही परंपरांचे या मुद्द्यावरचे एकमत घरोघरी पोहोचायला हरकत नव्हती. दोन परंपरा जेथे फारकत घेतात तेही नोंदवले पाहिजे: चरकाच्या कारणांत दही आणि ताक यांचा समावेश आहे, तर वर उल्लेखिलेल्या अभ्यासात दुग्धजन्य पदार्थ सर्वाधिक घेणाऱ्यांत गाऊटचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. साय काढलेल्या दुधातील प्रथिने मूत्रातून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्यास मदत करतात, असा त्यामागचा खुलासा आहे.

मिसळीला पूर्ण माफी मिळाली असे मात्र समजू नये. मटकी निर्दोष असली तरी तिच्यावरचा तेलाचा तवंग, फरसाण, पापड, पोटभर पाव आणि काही ठिकाणी शेवटी येणारी जिलेबी हा सारा ऐवज वजन व रक्तदाब या वाटांनी गाऊटच्या घरी पोहोचतो. वाटीभर उसळ जास्त, तर्री बेताची, फरसाण चिमूटभर, पाव एक आणि सोबत दही अशी मांडणी केल्यास रविवारची मिसळ सोडण्याचे कारण नाही. हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे आवडणाऱ्यांसाठीही हाच न्याय लावता येईल. आधुनिक पुराव्याने हुलग्यांना इतर कडधान्यांहून वेगळे काढलेले नाही, पण ज्याला ते खाल्ल्यावर वारंवार त्रास होतो असा स्वतःचा अनुभव आहे, त्याने चरकाचे ऐकावे.

टोमॅटोची गोष्ट थोडी निराळी आहे. शंभर ग्रॅम टोमॅटोत प्युरीन जेमतेम तीनेक मिलिग्रॅम असते, म्हणजे प्युरीनच्या हिशेबात तो जवळजवळ शून्यच; तरीही न्यूझीलंडमधील गाऊटच्या रुग्णांच्या २०१५ मधील एका पाहणीत अनेकांनी टोमॅटोमुळे झटका येतो असे सांगितले आणि त्याच अभ्यासात तपासलेल्या अमेरिकन लोकांच्या माहितीत टोमॅटो जास्त खाणाऱ्यांची युरिक अ‍ॅसिडची पातळीही किंचित अधिक आढळली. याचा अर्थ पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला टोमॅटो सर्वांनी टाळावा असा होत नाही. ज्याला संशय आहे त्याने झटके थांबलेल्या काळात महिनाभर टोमॅटो बंद करून पाहावा, फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करावा.

प्युरीन पेशीत असते हे एकदा लक्षात ठेवले की मांसाहारातील उतरंड पाठ करावी लागत नाही. ज्या अवयवात पेशी दाटीने असतात आणि ज्यांची उलाढाल वेगवान असते, त्यात प्युरीन जास्त. म्हणून कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी हे पदार्थ वरच्या पायरीवर येतात, आणि शंभर ग्रॅम कलेजीत साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्युरीन निघते. छोटे मासे डोक्या-आतड्यासकट खाल्ले जातात आणि वाळवल्यावर त्यांतले पाणी उडून सारे काही घट्ट होते, त्यामुळे आठवडी बाजारातला सुका जवळा, सुकट आणि बोंबील हे प्रमाणात थोडे दिसले तरी हिशेबात भारी पडतात. भाकरीबरोबर तोंडी लावण्यापुरती चटणी आणि कालवणाचा वाडगा यांतला फरक येथे महत्त्वाचा ठरतो. उलट अंडे ही एकच मोठी पेशी असून बाकीचा साठा पोषणद्रव्यांचा असतो, आणि दुधात पेशी जवळपास नसतातच, म्हणून अंडी आणि दूध या दोहोंतील प्युरीन जवळजवळ शून्य असते. गाऊटच्या मांसाहारी रुग्णाला प्रथिनांसाठी अंड्यासारखा सोयीचा पदार्थ दुसरा नाही.

शिजवण्याच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. प्युरीन पाण्यात उतरते, त्यामुळे मटण शिजल्यावर फोडींतील बराच अंश अळणीत आणि रश्श्यात जातो. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून दिले जाणारे पायाचे सूप, मालेगावकडची रात्रभर शिजवलेली नहारी, काळ्या मसाल्याचा वाटीवर वाटी ओढला जाणारा रस्सा हे सारे या दृष्टीने फोडींपेक्षा अधिक जोखमीचे आहेत, आणि ‘मटण खाल्लं नाही, नुसता रस्सा घेतला’ हा बचाव म्हणून ग्राह्य धरता येत नाही. झटके आटोक्यात असताना आठवड्यातून एकदा-दोनदा तळहाताएवढे चिकन, मटण किंवा मोठ्या माशाचा तुकडा, रस्सा दोन चमचे, आणि अवयवांचे मांस शक्यतो वर्ज्य, एवढी मर्यादा बहुतेकांना पाळता येते.

मद्याच्या बाबतीत नाशिकचा प्रश्न थोडा नाजूक आहे. १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या वायनरीची सुरुवात झाली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि पुढे दिंडोरी, निफाडपर्यंत पसरलेल्या वायनरींनी या जिल्ह्याला देशाची वाईन राजधानी हे नाव मिळवून दिले. वाईन शेतकऱ्याच्या द्राक्षांची, म्हणून सौम्य, म्हणून जवळजवळ औषधी, अशी एक भावना त्यातून रुजली आहे. तिला वरवर पाहता शास्त्राचाही टेकू मिळतो: ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेल्या, त्याच अमेरिकन पुरुषांच्या अभ्यासात बिअरने गाऊटचा धोका सर्वाधिक वाढलेला, व्हिस्कीसारख्या मद्यांनी त्याहून कमी वाढलेला, तर वाईनच्या रोजच्या एक-दोन पेल्यांनी न वाढलेला आढळला. परंतु तो अभ्यास गाऊट नसलेल्या माणसांना तो नव्याने होण्यासंबंधी होता. ज्यांना गाऊट आधीच आहे अशा ७२४ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या २०१४ मधील अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा निघाला: बिअर, कडक मद्य आणि वाईन या तिन्हींनी झटक्याची शक्यता वाढली, आणि चोवीस तासांत दोन पेल्यांपर्यंत वाईन घेतल्यानंतरही ती शक्यता दुपटीहून अधिक झाली. पहिल्या अभ्यासाचा हवाला देऊन दुसऱ्या गटातील माणसाने पेला भरणे हा तर्काचा घोटाळा आहे.

कारण सरळ आहे. मद्य कोणतेही असो, त्यातील अल्कोहोल पचवताना शरीरातील ऊर्जावाहक रेणू मोडून युरिक अ‍ॅसिडची निर्मिती वाढते, त्याच वेळी तयार होणारे लॅक्टिक अ‍ॅसिड मूत्रपिंडातून होणारा युरिक अ‍ॅसिडचा निचरा अडवते, आणि लघवी वाढल्याने शरीरातले पाणीही कमी होते. बिअरमध्ये यांखेरीज यीस्ट व माल्टपासून आलेले स्वतःचे प्युरीन असते, म्हणून ती सर्वांत वाईट. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वाईन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्रात मोठा वाद रंगला होता. पायाच्या अंगठ्याने या वादाचा निकाल केव्हाच दिलेला आहे, आणि सुरगाणा-पेठकडची मोहाची दारू असो वा टेस्टिंग रूममधली शिराझ, त्याचे मत बदलत नाही. वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाने पातळी सहाखाली स्थिर होईपर्यंत मद्य पूर्ण बंद ठेवावे.

द्राक्षे आणि ऊस यांच्या साखरेकडे त्याहूनही कमी लक्ष जाते, कारण साखरेत प्युरीन नसते. फ्रुक्टोज ही फळांत असणारी साखर यकृतात पचताना ऊर्जावाहक रेणूंचा झपाट्याने खर्च करते आणि त्या मोडतोडीतून युरिक अ‍ॅसिड तयार होते. नेहमीच्या साखरेचा आणि गुळाच्या गोडीचा निम्मा भागही फ्रुक्टोजच असतो. रोज दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी अधिक असल्याचे २००८ मधील एका अभ्यासात दिसले. रसवंतीवरच्या उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात तीस ग्रॅमहून अधिक साखर सहज असते, आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ती यकृताला वेगळी वाटत नाही. काकवी, मध आणि पॅकबंद फळांचे रस यांनाही तेच लागू होते. अख्ख्या फळाचे तसे नाही, कारण त्यात चोथा आणि पाणी असल्याने साखर हळूहळू पोहोचते व खाण्यालाही आपोआप मर्यादा पडते. शंभर ग्रॅम द्राक्षांत साखर सुमारे सोळा ग्रॅम आणि त्यात फ्रुक्टोज आठेक ग्रॅम असते, त्यामुळे एका वेळी लहान वाटीभर द्राक्षे कोणालाही चालतील; पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेतून घरी आलेली पेटी टीव्हीसमोर बसून संपवण्याची सवय, आणि सुकामेवा पौष्टिक म्हणून मूठमूठ खाल्ले जाणारे बेदाणे, ज्यांच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखरेचाच असतो, या दोन गोष्टी गाऊटच्या रुग्णाने आवर्जून टाळाव्यात. पेरू, आवळा, संत्रे ही फळे अधिक सोयीची. त्यांच्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचा थोडा उपयोग होतो, मात्र त्यासाठी वेगळ्या गोळ्या घेण्याची शिफारस अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत केलेली नाही. बिनसाखरेची कॉफी चालते. साखरेच्या चार चहांचा हिशेब मात्र मांडावा.

उपवास हा मराठी घरातला आणखी एक न ओळखलेला धोका आहे. पोट रिकामे राहिले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये युरिक अ‍ॅसिडचा निचरा रोखतात, आणि उपवास निर्जळी असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण आणखी वाढते. आषाढ अमावास्येच्या गटारीला मटण आणि मद्य, आणि त्या पाठोपाठ श्रावणी सोमवारचा कडक उपवास, असा क्रम लागला तर आठवड्याभरात परस्परविरुद्ध वाटणारे पण एकाच दिशेने ढकलणारे दोन धक्के सांध्याला बसतात. श्रद्धेला बाधा न आणता हे टाळता येते: उपवास पाण्यासह करावा, ताक, दूध, भगर, राजगिरा आणि फळे थोड्या थोड्या अंतराने घ्यावीत, साबुदाणा-शेंगदाणे-तूप यांचा डोंगर रचू नये. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांनी आणि उन्हात द्राक्षतोडणी करणाऱ्यांनी पाण्याची बाटली जवळ बाळगावी. नाशिकच्या उन्हाळ्यात दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी हा सर्वसाधारण अंदाज असून लघवीचा रंग फिकट राहणे हे पुरेसे पाणी पोटात गेल्याचे सोपे गमक आहे. ज्यांना हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण स्वतः ठरवू नये. मूत्रपिंड अधू असेल तर डाळ, फळे आणि मीठ यांचे गणितही वेगळे असते.

वजनाबाबत घाई उलटते. दोन आठवड्यांत पाच किलो उतरवणारे आहार कीटोन वाढवून झटका आणतात. आठवड्याला अर्धा किलोच्या गतीने, बाजरी, नागली किंवा ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ, भरपूर पालेभाजी व कोशिंबीर, दिवसाकाठी दोन-तीन वाट्या कमी सायीचे दूध, दही किंवा ताक, अशा साध्या जेवणावर उतरलेले वजन टिकते आणि युरिक अ‍ॅसिडही खाली आणते. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ आणि कमी मीठ यांवर आधारित, मुळात रक्तदाबासाठी आखलेल्या आहाराने ज्यांची पातळी सात किंवा अधिक होती त्यांच्यात ती एका मिलिग्रॅमहून अधिक घटल्याचे २०१६ मधील एका चाचणीत दिसले आहे. नागलीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचे वरण आणि ताक हे ताट त्या आहाराहून फारसे दूर नाही, आणि ते रुग्णासाठी वेगळे रांधावेही लागत नाही.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि हृदयासाठीची कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन यांनीही युरिक अ‍ॅसिड वाढते. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे, कारण काही वेळा पर्याय उपलब्ध असतो. अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट हे युरिक अ‍ॅसिड उतरवणारे औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात, कारण जुने स्फटिक विरघळू लागतात. त्यासाठीच सुरुवात कमी मात्रेने होते व काही महिने सूजरोधक औषध जोडीला दिले जाते. ‘गोळीने त्रास वाढला’ म्हणून औषध सोडणारे रुग्ण नेमके या टप्प्यावर गळतात. अंगावर पुरळ उठल्यास मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

झटका आलाच तर सांध्याला विश्रांती द्यावी, पाय उंचावर ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, भरपूर पाणी प्यावे, जेवण हलके ठेवावे आणि डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेले औषध पहिल्या चोवीस तासांतच घ्यावे. चालू असलेली युरिक अ‍ॅसिडची गोळी झटक्याच्या काळात बंद करू नये. मालिश आणि शेक यांनी सूज वाढते. सांध्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि तेथे घरगुती उपायांना जागा नाही. झटक्यावर वापरले जाणारे कॉल्चिसीन हे द्रव्य पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानांत, कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. या योगायोगामुळे कोणी तो कंद उगाळून देत असेल तर तो घेऊ नये, कारण त्यातली मात्रा मोजता येत नाही आणि थोड्या अधिक मात्रेनेही मृत्यू ओढवू शकतो.